चादरीवरचा डाग

डाग चादरीवर होता. म्हणजे तो चादरीवर नव्हताच, पण सकाळी पहिल्यांदा तिला वाटलं ते तेवढंच, की मेली ही चादर नीट धुतली गेली नाही. पासपोर्टसाठी लेकीचा फोटो हवा होता, मागे कोरं पांढरं हवं असा नियम होता, म्हणून दारावर चार चिमट्यांनी चादर लावली होती. पुढे स्टुलावर सव्वा वर्षाची लेक, आणि चौकटीच्या खालून तिला कमरेशी धरून बसलेला नवरा. "हिच्यापेक्षा मांजराचा पासपोर्ट काढू," असं म्हणून तो नंतर ऑफिसला पळाला होता. मग ती कॉम्प्युटरसमोर बसली. फोटोत लेक होती, वरचे दोन दात होते, कपाळावर आठी होती, आणि डाव्या अंगाला, दंडाच्या जरा पलीकडे, चादरीच्या मोकळ्या पांढऱ्यात एक करडा गोल होता. बोटाच्या पेराएवढा, कडा विरघळलेल्या. ती उठून चादर बघून आली. स्वच्छ. उजेडात धरून पाहिली, उलटी करून पाहिली. मग नुसत्या चादरीचा फोटो काढला, डाग तिथेच. चादर काढून दाराचा काढला. डाग दारावर आला. खिडकीतून आभाळाचा काढला. आभाळात, एकही ढग नसलेल्या जागी, तेवढाच, तिथेच. आणि तेव्हा पुढचा फोटो काढायचा सोडून तिने कॅमेरा खाली ठेवला. कारण तो गोल तिच्या ओळखीचा होता. चार महिन्यांपूर्वी तो लेकीच्या दंडावर होता.

तिचं बाळंतपणाआधीचं काम म्हणजे फरशांचे फोटो काढणं. ऐकणाऱ्याला हसू यायचं. पण एका मोठ्या गोदामात, चार दिव्यांखाली, कॅटलॉगसाठी दिवसाला साठ साठ फरशा. जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा, कॅमेऱ्याच्या तिवईचे पाय त्या खुणांवर, लेन्सचं भोक अगदी बारीक केलेलं, म्हणजे काठापासून काठापर्यंत सगळं स्वच्छ यावं. ती सवय तिने घरी आणली. लेक तीन महिन्यांची झाल्यापासून दर रविवारी सकाळी नऊ वाजता, खिडकीजवळच्या फुलाफुलांच्या खुर्चीत, तेच अंतर, तोच कोन. नवरा म्हणायचा, "मूल आहे गं ते, दोन बाय दोनची फरशी नाही." ती हसायची, पण खुणा हलवू द्यायची नाही. एकामागे एक फोटो लावले की मूल कसं वाढलं ते दिसतं, असं ती सगळ्यांना सांगायची. खरं कारण वेगळं होतं आणि ते ती स्वतःलाही अर्धंच सांगायची: हातात असताना लेक तिला दिसायचीच नाही. हातात असताना लेक ऊन असायची, ओली असायची, तिचं वजन असायचं, दुधाचा आंबूस वास असायचा. डोळ्यांना काही कामच उरायचं नाही. फोटोत मात्र ती बसून राहायची. मग आठवड्याच्या मध्ये कधीतरी, घर शांत असताना, तिला मोठं करून करून बघता यायचं. नखं, पापण्या, मानेच्या वळ्या. काही नजरेतून सुटलं तर नाही ना, हे बघता यायचं. बघून झालं की दोन दिवस बरे जायचे.

अशाच एका गुरुवारी दंडावर तो दिसला. कोवळ्या कातडीखाली निळसर करडं काहीतरी, मोठ्या माणसाने मुलाला हिसका देऊन उचललं तर अंगठा रुतेल नेमका तिथे. ती धावत आत गेली, झोपलेल्या लेकीची बाही वर केली. काही नव्हतं. पण फोटो रविवारचा होता, आणि रविवारचा वळ गुरुवारपर्यंत जाणारच की. पुढच्या रविवारच्या फोटोत तो नव्हता. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा होता, तिथेच. येत होता, जात होता, पुन्हा येत होता. असं वागणारी गोष्ट खरी नसेल असं कोण म्हणेल? आज, सकाळच्या त्या आभाळानंतर, तिने तिन्ही रविवार शेजारी शेजारी लावले तेव्हा कळलं की मधल्या रविवारी लेक उजवीकडे कलली होती, एवढंच. दंड सरकला होता आणि डाग खुर्चीच्या एका जांभळ्या फुलात पडून त्याची पाकळी होऊन बसला होता. पण त्या वेळी फूल कोण बघतंय? त्या वेळी तिने नवऱ्याला बोलावून फोटो दाखवला होता. तो वाकून, चष्मा वर करून बघत राहिला. "रविवारी तर तूच आंघोळ घातलीस तिला," तो म्हणाला. "तेव्हा नाही दिसला?" हा प्रश्न साधाच होता. पण तो तिला असा लागला, की तिने त्याचं उत्तर न शोधता राग शोधला. "मी घाईत असते. तू तर बघतही नाहीस." त्याने चष्मा खाली घेतला. मग हळूच म्हणाला, "मावशींना विचारून बघ ना सरळ." "काय विचारू? तुम्ही माझ्या मुलीला मारता का, असं?"

मावशी म्हणजे लेकीला सांभाळायला येणारी बाई. पन्नाशीची, रुंद, चालताना एका पायावर जरा जास्त भार देणारी. लेक सहा महिन्यांची झाली, हिचं गोदामातलं काम अर्ध्या दिवसाचं पुन्हा सुरू झालं, तेव्हापासून मावशी यायच्या. बाळाला घेण्याआधी दोन्ही तळहात एकमेकांवर चोळायच्या, गार लागू नयेत म्हणून. काहीतरी गुणगुणायच्या, त्याला ना चाल ना शब्द, नुसती घरघर, जुन्या पंख्यासारखी. आणि लेक त्या घरघरीवर अशी झोपायची, की आईच्या अंगाईवर कधी झोपली नाही. तेही आत कुठेतरी होतंच. गुरुवारनंतर ती मावशींच्या अंगठ्यांकडे बघायला लागली. जाड, रुंद नखांचे, चांगले भक्कम अंगठे. ते दुधाच्या बाटलीवर असताना बघायची, लेकीच्या काखेत असताना बघायची. कामावरून अवेळी घरी यायची, दाराला कान लावून उभी राहायची. आतून घरघर यायची फक्त. त्याचंही तिला काहीतरी वाटायचं: इतकं शांत कसं? दुसरा वळ दिसला त्या आठवड्यात, शुक्रवारी संध्याकाळी, मावशी चपला घालत असताना तिने सांगितलं की सोमवारपासून नका येऊ, मी आता घरीच राहायचं ठरवलंय. मावशींनी एक चपल घातली होती, दुसरी हातात होती. "माझं काही चुकलं का हो, ताई?" "नाही हो मावशी. छे." "नाही म्हणजे, चुकलं असेल तर सांगा. वय झालं, लक्षात येत नाही कधी कधी." "काही नाही चुकलं." मग मावशींनी आत झोपलेल्या लेकीच्या दिशेने नुसतं बघितलं, आत गेल्या नाहीत, आणि जिना उतरल्या, एक पाय जड, एक हलका, खालपर्यंत ऐकू येत होतं.

तेवढ्यावर थांबलं असतं तर. पण महिन्याभराने तिसऱ्या मजल्यावरची डॉक्टरीण, दातांची, जुळी होणार होती तिला, जिन्यात भेटली. "तुमच्याकडच्या मावशी कशा आहेत हो? मी त्यांना विचारायचं म्हणतेय." तिने म्हटलं, "मी काही बोलत नाही." आणि न बोलता फोन काढून तो फोटो दाखवला. डॉक्टरणीने ओठ आत घेतले, "अगं बाई," एवढंच म्हणाली, आणि पोटावर हात ठेवला. मावशींना तिथे काम मिळालं नाही. आपण एका मुलाला, दोन मुलांना वाचवलं, असं तेव्हा वाटलं होतं. घरी येऊन तिने चक्क स्वतःसाठी चहा करून घेतला होता. रविवारचे फोटो मात्र तिने बंद केले, पुन्हा बघवेना म्हणून. कॅमेरा कपाटात गेला, आणि त्याच्याबरोबर डागही, चार महिने, अंधारात, आपल्या जागी बसून.

लेक जेवून झोपल्यावर तिने काकांना फोन लावला. फरशांच्या गोदामात तिला काम शिकवणारे, आता निवृत्त झालेले फोटोग्राफर. सगळे त्यांना टाइलकाका म्हणायचे. "वर्षभराने आठवण झाली?" काका म्हणाले. "म्हणजे कॅमेरा बिघडला." तिने डागाचं सांगितलं, स्वतःच पुसणार आहे म्हणाली. "बिघडला नाही, मळलाय. सेन्सरवर, आतल्या काचेवर, बसलंय काहीतरी. आधी रबरी फुग्याने हवा मारून बघ, तोंड जमिनीकडे करून. कॅमेऱ्याचं, तुझं नाही. आणि तोंडाने फुंकायचं नाही. तोंडाने फुंकणाऱ्याला मी दारात उभा करत नसे. नाही गेला तर ओली काडी. बाथरूममध्ये बस. गरम पाणी सोड दहा मिनिटं, वाफ खाली बसू दे, तिच्याबरोबर हवेतली धूळ बसते. बॅटरी भरलेली ठेव, नाहीतर काडी आत असताना पडदा मिटेल आणि मग रडत बसशील." मग ते हसले. "मग या खेपेला कोणाच्या माथी मारलास? मागे तीन खोकी फरशा सदोष म्हणून परत धाडल्या होत्यास, आठवतंय का? कारखान्यातला तो तपासनीस बिचारा शपथा घेत होता." आठवत होतं. त्या वेळी सगळं गोदाम हसलं होतं, तीही हसली होती, आणि काकांनी तिला समजावलं होतं की फरशीवर डाग दिसला की फरशी पुसू नये, आधी शेजारची फरशी बघावी. तिच्यावरही तिथेच असेल तर तो आपल्याकडचा. हे तिला इतकं पाठ होतं, की झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. फक्त लेकीच्या शेजारी दुसरी लेक नव्हती. "कोणाच्या नाही, काका," ती म्हणाली. "नशीब," काका म्हणाले.

वाफ खाली बसेपर्यंत ती बाथरूममध्ये उलट्या बादलीवर बसून राहिली, मांडीवर टॉवेल, टॉवेलवर कॅमेरा. दार फटीएवढं उघडं, पलीकडून लेकीचा श्वास. आरसा काठांकडून हळूहळू निवळत होता आणि मध्ये तिचा चेहरा असायला हवा होता तिथे अजून पांढरं होतं. नळाला एक थेंब भरत होता, भरत होता, पडत नव्हता. दुपारची वेळ होती पण आत वेळ नव्हतीच. असं तिला बाळंतपणानंतर पहिले काही दिवस वाटायचं, की आपण पाण्याखाली कुठेतरी बसलोय आणि वर लोक बोलतायत. ते म्हणायचे, काळजी घे हं. ती घ्यायची. काळजी हे तिने आयुष्यात सर्वांत मन लावून केलेलं काम होतं. बाटल्या उकळल्या, खिडक्यांना जाळ्या लावल्या, टेबलांच्या कोपऱ्यांना स्पंज बांधला. काळजी घेणारं माणूस चुकतं कसं? ते तर आधीच सगळ्या चुका मोजून बसलेलं असतं. एवढी एकच मोजायची राहिली होती, जी बघणाऱ्याच्याच आत होती.

तिने लेन्स काढली, कॅमेऱ्याच्या मेनूतून त्याचा आतला आरसा वर करायला सांगितलं. खट् झालं आणि आतला पडदा बाजूला होऊन सेन्सर उघडा पडला: तिकिटापेक्षा थोडा मोठा आयत, हिरवट जांभळा, कबुतराच्या मानेसारखा रंग पालटणारा. इतकी वर्षं तिने त्याच्यावर सगळं सोडून दिलं होतं आणि त्याला कधी बघितलं नव्हतं. गोदामात हे काम काका करायचे. तोंड जमिनीकडे करून तिने रबरी फुगा चार वेळा दाबला. बाहेर येऊन भिंतीचा फोटो काढला. डाग जागच्या जागी. म्हणजे धूळ नव्हती, चिकटलेलं काही होतं. पुन्हा बादलीवर. फोटोत जे वर ते आत खाली, असं काकांनी बजावलं होतं, म्हणून तिने टॉर्च तिरपा धरून खालची डावी बाजू शोधली, आणि तिला तो दिसला. स्वतः तो. आता करडा नव्हता, मोठा नव्हता, भीती वाटण्यासारखा तर अजिबात नव्हता. टाचणीच्या टोकाहूनही लहान, पारदर्शक, कडेला बारीक पांढरी रेघ असलेला गोल. वाळलेला थेंब.

आणि ती दुपार परत आली. लेक साडेदहा महिन्यांची, तिच्याच मांडीवर, तिने एका हाताने लेन्स बदलायला घेतलेली, कॅमेऱ्याचं तोंड उघडं. लेकीने त्या काळ्या खोबणीत डोकावून बघितलं, आत काय आहे ते बघायला अगदी नाक लावलं, आणि शिंकली. ती किती हसली होती. लेकही स्वतःच्या शिंकेला दचकून, मग हसली होती. मावशी स्वयंपाकघरातून म्हणाल्या होत्या, "काय चाललंय मायलेकींचं?" दोघींचा हसण्याचा आवाज त्या घरात इतका मोकळा पुन्हा झाला का, तिला आठवेना. लेकीच्या तोंडातला एक थेंब, तोच आत जाऊन बसला होता, वाळला होता, आणि तिथून लेकीच्याच दंडावर पडत होता. त्यात कोणाचाही अंगठा नव्हता.

तिला काडी लगेच घालवेना. त्या थेंबाशी तिचं काही नातं आहे असं तिला वाटत राहिलं, आणि दुसरं जे वाटत होतं ते इतकं नीच होतं, की त्याच्याकडे ती सरळ बघत नव्हती: पुसलं की संपलं. भिंत कोरी येईल, चादर कोरी येईल. नवरा तर केव्हाच विसरलाय. डॉक्टरीण जुळ्यांत बुडालीये. मावशींना वळाची गोष्ट माहीत असेलच असं नाही. जिने आरोप केलाच नाही तिने माघार कशाची घ्यायची? तिने काडीचं पाकीट फाडलं, चपट्या काडीच्या मऊ टोकावर दोन थेंब औषध सोडलं, श्वास धरला. डाव्या काठाला टेकवून एका रेषेत उजवीकडे. मध्ये उचलायचं नाही. काडीतून तिला काचेचा गुळगुळीतपणा बोटांत जाणवला आणि तिला नको तेव्हा आठवलं, आंघोळीनंतर दंड पुसताना बोटांखालून टॉवेल असाच सरकायचा. किती रविवार तो दंड तिने पुसला होता, आणि तिच्या बोटांना एकदाही काही लागलं नव्हतं. लेक दुखल्यासारखी कधी आक्रसली नव्हती. मावशींना बघून हात पसरायची. हे सगळं समोर होतं, रोज. तिने विश्वास फोटोवर ठेवला, कारण फोटोत लेक हलत नव्हती. काडी उलटवून दुसऱ्या बाजूने परत. भिंत. डाग अर्धा झाला होता, शेपूट आलेला. दुसरी काडी, या वेळी जरा विश्वासाने दाबून. भिंत. आता भिंतीवर भिंतच होती. कोपऱ्यातला एक खिळा, त्याची सावली, आणि बाकी पांढरं, इतकं पांढरं, की तिला रडू यायला हवं होतं ते आलं नाही. हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच तिला भीती वाटली. ती तशीच, हातात कॅमेरा धरून, स्वयंपाकघरात गेली आणि विचार करायला वेळ मिळण्याआधी मावशींचा नंबर लावला.

बराच वेळ वाजला. "बोला ताई," मावशी म्हणाल्या, जणू कालच गेल्या होत्या. "बाळ बरंय ना?" "बरंय. झोपलीये." "चालते का?" "चालते. पडते." "पडू दे. दात?" "चार. म्हणजे, खाली दोन, वर दोन." मागे कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला. "मावशी, तुम्ही सध्या कुठे जाता कामाला?" "मुलांचं नाही करत आता. एका कचेरीत फरशी पुसते, सकाळची." "का?" हे विचारायला नको होतं, आणि नेमकं हेच विचारलं गेलं. "तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं मला. बाळाच्या हातावर वळ होते म्हणून. तुम्ही नाही सांगितलंत, त्यांनी सांगितलं." आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. "मला तर आठवेना, ताई. मी किती आठवून बघितलं. दुपारी तिच्याबरोबर माझा डोळा लागायचा कधी कधी. म्हटलं, झोपेत तर नसेल दाबलं गेलं? दुधासाठी उठवताना? माझे हात तसे जडच आहेत. आपल्याला कळत नाही आपण किती जोरात धरतो ते. म्हणून म्हटलं, नकोच. माझ्या बहिणीला नातू झाला, तोही नाही घेतला मी अजून. लांबूनच बघते."

तिला कुठेतरी बसायचं होतं, पण खुर्ची लांब होती. ती जिथे होती तिथेच खाली, फरशीवर बसली. "मावशी, ऐका. वळ नव्हता." "असं कसं? फोटो होता ना." "फोटोत होता. हातावर नव्हता. माझ्या कॅमेऱ्यात होता, आत, काचेवर. बाळ शिंकलं होतं त्यात, त्याचा थेंब वाळला होता. मी आज सकाळी बघितलं. आत्ता पुसला. मी चूक केली, मावशी. तुमची नाही, माझी. मी तुम्हाला विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही, आणि वर तो फोटो त्या बाईंना मीच दाखवला. मी आज त्यांच्याकडेही जाणारे, त्यांना सांगणारे." ती बोलत गेली, श्वास न घेता. मग मावशींचा आवाज आला, अगदी जवळून, जणू त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला होता.

"म्हणजे माझ्या हातून नाही झालं?"

"नाही."

"झोपेतसुद्धा नाही?"

"नाही हो मावशी. झोपेतसुद्धा नाही."

आतल्या खोलीत लेक जागी झाली, तिने कूस बदलली, आणि कोणी येतंय का याची वाट बघत गप्प पडून राहिली.

"थांबा हं जरा, ताई," मावशी म्हणाल्या. "मी खाली बसते. ... हं, बसले. आता पुन्हा सांगा. सावकाश सांगा."

ती पहिल्यापासून सांगू लागली.